इंग्रजी अर्जात शेत लिहिताना

पीककर्जासाठी किंवा मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीत अर्ज करायचा म्हटलं, की 'आहे'साठी कोणी सरसकट 'हॅव' लिहितो, तर कोणी वजनदार दिसावं म्हणून 'पझेस'. 'हॅव'नं फारसं बिघडत नाही. 'पझेस'पासून मात्र जपून.

1. आधी सातबारा काढा. भोगवटादार म्हणून तुमचंच नाव असेल, तर 'ओन' बेलाशक लिहा. जमीन वर्ग 2 ची असेल, तर तेही पुढं लिहा; ती परवानगीशिवाय विकता येत नाही.

2. शेत मक्त्यानं किंवा बटईनं केलं असेल, तर 'ओन' खोडा. 'आय हॅव फोर एकर्स ऑन लीज' एवढं पुरे.

3. ताबा सांगायचाच असेल, तर 'इन पझेशन ऑफ'. इथं एका 'द'नं सगळं उलटतं. 'द टेनंट इज इन पझेशन ऑफ द फील्ड' म्हणजे शेत कुळाच्या ताब्यात. पण तेच 'इन द पझेशन ऑफ' लिहायचं, तर वाक्य शेतापासून सुरू करावं लागतं: 'द फील्ड इज इन द पझेशन ऑफ द टेनंट'. गडबडीत 'द' चुकीच्या जागी पडला, की शेतच कुळाचा ताबा घेऊन बसतं! सही करण्याआधी हे वाक्य मोठ्यानं वाचा.

4. झरी-जामणी, केळापूरकडच्या कोलाम, गोंड कुटुंबांना वनहक्काचा पट्टा मिळाला असेल, तर शब्द 'होल्ड'. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही हाच आहे. हा पट्टा वारसांना मिळतो, विकता येत नाही; म्हणून 'ओन' नको.

5. भाव चढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवलाय, त्यानं अंगाला खाज सुटली तरी विकत नाही: हे 'कीप'. कोंबड्या पाळणं, हिशेब ठेवणंही 'कीप'च. विक्रीच्या पावतीची प्रत जवळ राखायची, ते 'रिटेन'.

6. नातं आणि दुखणं यांना फक्त 'हॅव'. दोन बहिणी 'ओन' करता येत नाहीत, तापही 'पझेस' होत नाही.

तहसील कार्यालयात जायचं असेल, तर ही कसरत करूच नका. मराठी ही राज्याची राजभाषा आहे. अर्ज मराठीतच द्या.