परदेशीं वृद्धाचें एकटेपण

कुहीच्या पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यास येणारा जाणारा हाक मारितो. तोच मुलाबरोबर परदेशीं गेला, म्हणजे दिवसच्या दिवस त्याचें नांव घेणारा कोणी भेटत नाहीं. हें दुःख लहान नव्हे. त्यावर उपाय काय, हें एका उदाहरणावरून पाहूं.

वर्धा येथें जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे स्वातंत्र्याच्या खटपटीमुळें मायदेशास अंतरले. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोंत पोहोंचले व तेथेंच साठी ओलांडीपर्यंत राहिले. भाषा परकी, लोक परके. तरी त्यांनीं तेथील गरीब शेतकऱ्यांकरितां मोफत कृषिशाळा काढिल्या आणि मक्याच्या सुधारणेंत पुष्कळ श्रम केले. पुढें ते स्वदेशीं परतले व १९६७ सालीं नागपुरांत वारले.

ह्यावरून आम्हीं हें शिकावें कीं, जो केवळ घरच्या निरोपाची वाट पाहतो त्याचा दिवस सरत नाहीं. ज्याची वाट दुसरा कोणी पाहतो त्याचा सरतो. यास्तव परमुलुखीं गेलेल्या वृद्धानें शेजाऱ्यांच्या भाषेचे चार शब्द शिकावे, रोज ठरल्या वेळीं बाहेर पडावें, व आपल्या हातची एखादी विद्या कोणास तरी शिकवावी.

आणि गांवीं राहिलेल्या आम्हांवरही एक कर्तव्य आहे. आठवड्याचा एक वार नेमून त्यास फोन करावा, नुसतें क्षेमकुशल न विचारितां, "काका, यंदा धानाचें कसें करावें?" असा सल्ला मागावा. ज्याचा सल्ला घेतला जातो, तो दूर असूनही घरांतलाच राहतो.