दोन टाक्यांची वाफ

गांजा ओढणारं पोर ओळखायला पूर्वी नाक पुरायचं. कपड्यांना वास, लाल डोळे, खिशात कागद आणि काडेपेटी. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही ते दारातूनच कळायचं. आता जी व्हेप नावाची वस्तू पोरांच्या हातात आली आहे, तिला ना राख, ना धूर, ना तो उग्र दर्प. बॅटरीवर तापणारी ही नळी तेलाची वाफ तोंडात देते. काहींत निकोटिन असतं, काहींत गांजाचं दाट तेल, आणि नव्या प्रकारात तर एकाच डबीत दोन-तीन टाक्या. ही वस्तू चालते कशी आणि तिच्यामुळं कुणाला त्रास झाला तर पहिल्या तासात काय करायचं, हे आपल्या भागातल्या आईबापांना माहीत हवं, म्हणून हे लिहितो आहे.

मांजरसुंब्याच्या चौकात माझं मेडिकल आहे. धुळे-सोलापूर हायवेवरची वाहनं, पाटोद्याकडची, केज-अंबाजोगाईकडची माणसं, सगळी इथं थांबतात. हे आमच्याच घरात घडलं त्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा होती. कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा, दिंड्यांबरोबर चालत आलेली माणसं, पायाचे फोड, ताप, जुलाब. दुकानात उसंत नव्हती. माझा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. यात्रेच्या निमित्तानं तो दोन मित्रांना घेऊन गावी आला होता. अंधार पडता पडता त्या दोघांनी त्याला धरून दुकानात आणलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, शर्ट घामानं ओला. "काका, छाती फुटंल असं वाटतंय," म्हणाला आणि पायरीवरच बसला. मनगट धरलं तर नाडी मोजता येईना, इतकी पळत होती. मग उलटी झाली. "ढाब्यावरचं बाधलं असंल," मित्र म्हणाले. दोघंही माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

गाडीत घालून घाट उतरलो आणि पालीवरून बीड गाठलं. वाटेत तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "काका, मी जिवंत आहे ना?" अंगावर काटा आला. बीडमध्ये खासगी दवाखान्यात ईसीजी निघाला, साखर तपासली, रक्त घेतलं. काही घेतलंय का, असं डॉक्टर वारंवार विचारत होते आणि पोरं नाही म्हणत होती. सगळी शोधाशोध हृदय आणि अन्नातली विषबाधा याच दिशेनं चाललेली. शेवटी त्यातल्या धाकट्याला मी बाहेर नळाजवळ नेलं. म्हटलं, "बाळा, मी काही पोलीस नाही, आणि आत्ता तुझ्या घरी फोनही लावत नाही. पण डॉक्टरांना काय झालंय ते कळल्याशिवाय ते औषध तरी काय देणार?" पोरगा रडायला लागला. मोज्यात हात घालून त्यानं ती वस्तू काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती पाहिल्यावर डॉक्टरांचं काम सरळ झालं: शांत खोली, सलाईन, घाबरेपणा उतरवणारं औषध, नाडीवर आणि ऑक्सिजनवर नजर. पहाटेपर्यंत पोरगं माणसात आलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून ती वस्तू मी नीट पाहिली. बोटाएवढी लांब, दोन अंगठ्यांएवढी रुंद, चपटी. वर ओढायची तोटी. पुढच्या बाजूला दोन अरुंद खिडक्या, आत मधाच्या रंगाचं दाट तेल. एका बाजूचं निम्म्यावर आलेलं, दुसरीकडचं जवळपास भरलेलं. नखाएवढा पडदा, बॅटरी किती उरली ते दाखवणारा. खाली मोबाईलला लागते तीच सी-टाइप पिन. आणि कडेला तीन खाचांचं सरकतं बटण: डावी टाकी, उजवी टाकी, दोन्ही.

खरी गोम तिसऱ्या खाचेत आहे. प्रत्येक टाकीच्या तळाशी सच्छिद्र सिरॅमिकचा तुकडा असतो आणि त्यात तारेचं वेटोळं. तोंडानं हवा ओढली की सेन्सर बॅटरी चालू करतो, वेटोळं तापतं आणि सिरॅमिकमध्ये मुरलेलं तेल वाफ होऊन वर येतं. बटण तिसऱ्या खाचेत असेल तर दोन्ही वेटोळी एकदम तापतात. ओढणाऱ्याला झुरका नेहमीएवढाच वाटतो, छातीत मात्र दोन्हीकडची वाफ जाते. विकणारे सांगतात, ही टाकी दिवसा तरतरी यायला, ती रात्री झोप लागायला; एकीवर 'सटायव्हा', दुसरीवर 'इंडिका'. ही नावं मुळात झाडाच्या प्रकारांची आहेत. त्यांच्यावरून माणसावर काय परिणाम होईल याचा भरवसा देता येत नाही. दोन चवी, दोन गुण ही विक्रीची भाषा आहे. त्या पोरांनी, नंतर कळलं, कुठली खाच कशासाठी हेही कुणाला विचारलं नव्हतं.

आता हिशेब पाहा. गांजात नशा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. अमेरिकेतल्या परवानाधारक दुकानांत मिळणाऱ्या अशा तेलात ते 80 ते 90 टक्क्यांपर्यंत असतं. तिथल्याच सुक्या गांजात साधारण 15 ते 25. एका टाकीत 1 ग्रॅम तेल आणि त्यात 85 टक्के टीएचसी धरलं तर झालं 850 मिलिग्रॅम. दोन टाक्यांचं 1,700. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेनं 2021 साली अभ्यासासाठी टीएचसीचं एक प्रमाणित एकक ठरवलं, ते 5 मिलिग्रॅमचं. म्हणजे मोज्यात मावणाऱ्या त्या डबीत अशी 340 एककं. आम्ही औषधवाले अर्धी गोळी कधी आणि कशावर घ्यायची हे पाकिटावर लिहून देतो. इथं किती रक्तात गेलं हे ओढणाऱ्याला सांगता येत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. चिलीम निदान घसा जाळते, ठसका लावते, भरलेली असते तेवढीच चालते. ही वाफ मऊ लागते, म्हणून हात थांबत नाही.

आणि हा हिशेब झाला लेबल खरं असेल तर. आपल्याकडे येणाऱ्या मालाचं लेबल खरं असण्याचं काही कारणच नाही. रिकामी नळी वेगळी मिळते, छापील खोकी वेगळी मिळतात, क्यूआर कोडसुद्धा छापता येतो. आत तेल कुठल्या खोलीत बसून कुणी भरलं ते कोण सांगणार? 2019 साली अमेरिकेत धडधाकट तरुण माणसं धाप लागून दवाखान्यात यायला लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत तिथल्या आरोग्य यंत्रणेकडे दवाखान्यात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या 2,807 जणांची नोंद झाली, त्यांतले 68 गेले. बहुतेकांनी टीएचसीचं तेल ओढलेलं होतं, आणि तेही बरेचदा ओळखीपाळखीतून किंवा चोरट्या बाजारातून मिळालेलं. 51 रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला तेव्हा 48 जणांच्या द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. तेल दाट दिसावं म्हणून ते मिसळलं जात होतं. व्हिटॅमिन ई आम्ही कॅप्सूलमधून रोज विकतो, गिळलं तर त्याचं काही वाटत नाही. तेच तापवून छातीत ओढलं की काय होतं ते या रुग्णांनी दाखवलं. इंग्लंडमध्ये 2024 साली बाथ विद्यापीठानं शाळांतून जप्त झालेल्या व्हेप तपासल्या, तर साधारण सहांतल्या एकीत 'स्पाइस' निघालं. हे प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन. गांजाच्या नावाखाली खपतं, पण झटके आणतं, शुद्ध हरपवतं. पोरांना ते आपण गांजाच ओढतोय असंच वाटत होतं.

मनाच्या आजाराबद्दलही लपवून चालणार नाही. 2019 साली लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या ठिकाणांचा एक मोठा अभ्यास आला. 10 टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा जे रोज ओढतात, त्यांच्यात वेडाचा पहिला झटका येण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. तिथं 10 टक्क्यांना 'तीव्र' म्हटलं आहे. आपण वर 85 चा हिशेब केला. ज्यांच्या घरात आजा, मामा, आत्या कुणाला असा आजार होऊन गेला असेल, त्यांनी आपल्या पोरांना ही गोष्ट बसवून सांगावी. आपल्याकडे अशा आजारावर पांघरूण घालतात आणि पोरांना आपल्याला धोका आहे हेच माहीत नसतं.

कायद्याचं थोडक्यात. "यात निकोटिन नाही, म्हणून चालतं," असं विकणारे छातीठोक सांगतात. 18 सप्टेंबर 2019 च्या अध्यादेशानं आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं देशभर ई-सिगारेटवर बंदी आहे, आणि व्याख्येत निकोटिन असो वा नसो, ओढण्यासाठी वाफ करणारं असं यंत्र येतं. विकणं, मागवणं, वाहून नेणं याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात गांजाचं तेल असेल तर 1985 चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा लागतो. त्या कायद्यात राळेचं दाट तेल चरसमध्ये मोडतं. गांजाची 'अल्प मात्रा' 1 किलोपर्यंत, चरसची फक्त 100 ग्रॅम. शिवाय 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिरा सिंग प्रकरणात सांगितलं आहे की मिश्रणातलं निव्वळ अमली द्रव्य नाही, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. मित्राची डबी "जरा सांभाळ" म्हणून खिशात ठेवणाऱ्या पोरानं हे ध्यानात घ्यावं.

पण कायद्याची हीच भीती त्या रात्री आमच्या पोराच्या जिवावर उठली असती. म्हणून सांगतो, दवाखाना आधी. दवाखाना पोलिसांना कळवू शकतो, ते त्यांचं काम आहे. त्याच एनडीपीएस कायद्यात 64-अ कलमही आहे: व्यसनात अडकलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला गेला, तर त्याला खटल्यापासून सूट मिळते. मात्र उपचार पुरे करावे लागतात. हे कलम वकिलाकडून नीट समजून घ्या, पण ते आहे एवढं तरी घराघरात माहीत असू द्या.

असा प्रसंग आलाच तर पोराला एकटं सोडू नका. मोकळ्या हवेत बसवा, हळू आवाजात बोला, भोवतीची गर्दी हटवा. भांग चढली की आपल्याकडे लिंबू, लोणचं, चिंचेचं पाणी पाजतात, बोटं घालून ओकायला लावतात. इथं तसलं काही करू नका. हे पोटातून गेलेलंच नाही, आणि गुंगीत ओकारी श्वासनलिकेत गेली तर नवंच संकट. गुंगी असेल तर कुशीवर झोपवा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, 108 ला फोन करा. छातीत दुखणं, झटका, शुद्ध हरपणं, भलतंसलतं दिसणं यातलं काही असेल तर वाट पाहायची नाही. आणि ती वस्तू, तिचं खोकं, काय असेल ते रुग्णाबरोबर न्या. यावर उतारा म्हणून एखादं इंजेक्शन नाही. डॉक्टर लक्षणं सांभाळतात, म्हणून काय ओढलं आणि केव्हा ओढलं हे त्यांना कळणं फार मोलाचं. त्या वेळी निभावलं तरी पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत खोकला, धाप, ताप, उलट्या सुरू झाल्या तर साधा सर्दी-ताप समजून माझ्यासारख्याच्या दुकानातून गोळ्या नेऊ नका. डॉक्टरांना व्हेपचं स्पष्ट सांगा.

पोरगं घरी आल्यावर माझी वहिनी रडत होती आणि दादा हात उगारून उभा होता. मी दादाला बाहेर नेलं. मार खाल्लेलं पोर पुढच्या वेळी मित्राच्या खोलीवर धडपडेल, घरी येणार नाही, हे त्याला पटवायला रात्र गेली. रोज ओढणाऱ्यानं सोडलं की पहिला आठवडा फार जड जातो: चिडचिड, झोप उडणं, जेवण न जाणं. घरच्यांना ते नाटक वाटतं. ते नाटक नसतं. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे. पुण्यात शिकणाऱ्यांना मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र जवळ आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली ते उभं केलं. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416, दोन्ही सरकारी आणि मोफत.

घरात लहान लेकरं असतील तर आणखी एक. हे तेल बरेचदा गोड, आंब्याच्या, लिचीच्या वासाचं असतं, आणि चाटलेलं थेंबभर तेलही लहान मुलाला तासन्‌तास गुंगीत टाकू शकतं. असं झालं तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. आणि अशी नळी चुलीत किंवा शेकोटीत कधी टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते, ती पेट घेते, फुटते.