मत : एक साक्ष, एक अमानत



निवडणूक जवळ आली की तुळजापूर असो वा नळदुर्ग, चहाच्या टपरीपासून मस्जिदीच्या ओट्यापर्यंत एकच चर्चा असते : आपले मत कोणाला? पक्ष वेगवेगळे असले की उत्तर अनेकांना सोपे वाटते. खरी परीक्षा तेव्हा होते, जेव्हा एकाच पक्षाचे, एकाच विचाराचे दोघे परस्परांसमोर उभे राहतात. एक अधिकृत उमेदवार असतो, दुसरा तिकीट न मिळाल्याने बंडखोर. झेंड्याचा आधार तेथे संपतो आणि माणूस पारखावा लागतो. अशा वेळी श्रद्धावंताने कोणत्या कारणांवरून निवड करावी, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या देशात उमेदवारी साधारणपणे पक्षश्रेष्ठी ठरवतात. तरीही २०१४च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात तो वर्धा आणि आपल्या शेजारच्या लातूर येथे झाला. वर्ध्यात सागर मेघे व चारुलता टोकस यांच्यात चुरस होऊन मेघे निवडले गेले. लातुरात दत्तात्रय बनसोडे यांना कौल मिळाला. पुढे मुख्य निवडणुकीत दोघेही पराभूत झाले. मतदानाचा हक्क पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरताच होता. परंतु त्यांच्यापुढील प्रश्न तोच होता, जो आपल्यापुढे असतो : आपल्याच दोन माणसांपैकी कोण?

मताचे शरई स्वरूप

मत देणे म्हणजे केवळ बटण दाबणे नव्हे. मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताची तीन अंगे सांगितली आहेत. पहिले, मत ही शहादत, म्हणजे साक्ष आहे : हा मनुष्य या पदास योग्य आहे, अशी ग्वाही आपण देतो. दुसरे, ती शिफारस आहे. सूरह निसाच्या ८५व्या आयतीनुसार चांगली शिफारस करणाऱ्यास त्यातील पुण्याचा वाटा मिळतो आणि वाईट शिफारस करणाऱ्यास पापाचा. तिसरे, ती वकालत आहे. आणि हा वकील एकट्या आपला नसतो, तर साऱ्या जनतेचा असतो. म्हणून चुकीच्या निवडीची झळ आपल्यापुरती राहत नाही.

याच सूरहच्या ५८व्या आयतीत अमानती त्यांच्या पात्र व्यक्तींच्या हवाली करण्याचा आदेश आहे. १३५वी आयत तर स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध आणि नातलगांविरुद्ध जात असली तरी खरी साक्ष देण्यास फर्मावते. आता विचार करा : भावकीचा, सोयऱ्याचा किंवा मोहल्ल्याचा उमेदवार अपात्र आहे हे ठाऊक असूनही केवळ नात्यापोटी त्याला मत दिले, तर ती कोणती साक्ष झाली? खोटी साक्ष प्रेषितांनी (स.) महापातकांत गणली आहे.

दोन कसोट्या

सूरह कससमध्ये (आयत २६) हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करताना दोन गुण सांगितले गेले : सामर्थ्य आणि विश्वासूपणा. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या भांडारांची जबाबदारी मागताना राखण करण्याची वृत्ती आणि ज्ञान हे आपले गुण पुढे केले (सूरह यूसुफ, ५५). वंश वा संपत्तीचा उल्लेख दोन्ही ठिकाणी नाही.

परंतु एक जण प्रामाणिक पण दुबळा आणि दुसरा कर्तबगार पण हात पूर्ण स्वच्छ नसलेला असेल तर? इमाम इब्ने तैमिया (रह.) यांनी या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. त्यांच्या मते पदाची गरज पाहावी : युद्धाच्या नेतृत्वासाठी सामर्थ्याला, तर सार्वजनिक धनाच्या रक्षणासाठी विश्वासूपणाला अग्रक्रम द्यावा. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांचे मुख्य काम पाणी, रस्ते आणि त्यांवर खर्च होणारा जनतेचा पैसा. तेथे कोणत्या गुणाचे पारडे जड असावे, हे वेगळे सांगायला नको.

दोघेही चांगले असतील तर

हजरत उमर (रजि.) यांनी मृत्युशय्येवर सहा ज्येष्ठ सहाबांची समिती नेमली. पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना सल्लामसलतीत बसू दिले, पण पदात वाटा ठेवला नाही. अखेर हजरत उस्मान (रजि.) व हजरत अली (रजि.) ही दोन नावे उरली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आधी स्वतःचा हक्क सोडला आणि मगच निवडीची जबाबदारी स्वीकारली. त्यांनी झोप बाजूला सारून लोकांची मते जाणून घेतली. दोघांकडूनही वचन घेतले की, निवड झाल्यास न्याय कराल आणि दुसऱ्याची झाल्यास त्याचे ऐकाल. निर्णय हजरत उस्मान (रजि.) यांच्या बाजूने लागला आणि हजरत अली (रजि.) यांनीही बैअत केली.

यातून आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. निवडणाऱ्याने आधी आपला स्वार्थ बाजूला ठेवावा, मग चौकशी करावी, आणि निकालानंतर वैर धरू नये. दोन चांगल्यांत निवड करताना चूक झाली तरी प्रामाणिक मनुष्य गुन्हेगार ठरत नाही. चौकशीच न करणारा मात्र जबाबदार ठरतो.

पाकिटाचा प्रश्न

बुखारी व मुस्लिममधील एका हदीसनुसार, कयामतच्या दिवशी अल्लाह ज्यांच्याशी बोलणार नाही अशा तिघांपैकी एक तो आहे, ज्याने केवळ ऐहिक लाभासाठी नेत्याशी बैअत केली. मिळाले तर निष्ठा पाळली, न मिळाले तर मोडली. आदल्या रात्रीचे पाकीट, जेवणावळ, साडी यांवर मत ठरवणाऱ्याने या हदीसवर थांबून विचार करावा. लाच देणारा आणि घेणारा दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत केली आहे; देशाचा कायदाही दोघांना दोषी मानतो. काही जण म्हणतात, “पैसे घेऊ, पण मत मनाप्रमाणे देऊ.” यात लाच तर आहेच, वर वचनभंगही आहे.

म्हणून वाचकहो, मतदान केंद्राकडे निघण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. याच्या हाती मी माझ्या घरची अमानत ठेवीन काय? हे काम त्याला जमेल काय? आणि तो माझा कोणी लागत नसता, तरी मी त्यालाच निवडले असते काय? मतदान गुप्त असते. आपण कोणाला मत दिले हे ना उमेदवार जाणतो, ना शेजारी. पण ज्याच्यासमोर ही साक्ष नोंदली जाते, त्याच्यापासून काहीच लपत नाही.

अल्लाह आपल्याला खरी साक्ष देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.