पुस्तक दिसलं ना, मग मागून घे

अगं, फोनवर तू म्हणालीस, "ताई, नेटवर सापडतं सगळं, पण उघडत काहीच नाही." तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात आहे. चैत्रात खानदेशातून पायी सप्तशृंगगडावर येणाऱ्या भाविकांवर तुझा लघुप्रबंध. विषय आपल्या गडाचा, म्हणून मला त्याची जरा जास्तच काळजी.

पूर्वी कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डांचे खण असायचे. त्यात फक्त त्याच ग्रंथालयाची पुस्तकं. बाहेर काय आहे ते कळायचंच नाही, मग मागणार काय? आता इन्फ्लिबनेट केंद्राच्या इंडकॅट या संयुक्त सूचीवर देशभरातल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतल्या नोंदी एकत्र शोधता येतात. गडाजवळच्या वणीत बसून तुला पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातलं पुस्तक दिसू शकतं. दिसलं की हवंसं वाटतं, आणि म्हणून शोधाची सोय वाढली की दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवण्याची गरजही वाढते. त्याच वेळी काही मागण्या फुकट जातात, कारण पुस्तक आपल्याच कपाटात असतं किंवा नेटवर मोफत असतं. ही छाननी शेवटी ग्रंथपालांच्या माथी येते. तेव्हा निदान तेवढं तरी आधी बघून घेत जा.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नेटवर लेख-पुस्तकं शोधताना तू 'पूर्ण मजकूर' या चौकटीवर टिचकी मारतेस. त्या एका टिचकीने मराठी पुस्तकं यादीतून जवळजवळ नाहीशी होतात. गेल्या पन्नास-साठ वर्षांत छापलेली किती मराठी पुस्तकं नेटवर रीतसर उपलब्ध आहेत? फार थोडी. मग उघडले ते इंग्रजी लेख संदर्भसूचीत येतात, आणि यात्रेवर, लोकदैवतांवर मराठीत मन लावून लिहिणारी माणसं बाहेरच राहतात. बाळा, काय उघडतंय यावरून तुझा प्रबंध ठरू देऊ नकोस. ती खूण काढून टाक आणि पुन्हा शोध.

शोधताना नाव चार तऱ्हांनी टाक. सप्तशृंगी, सप्तश्रृंगी, आणि रोमन लिपीत 'शृ'साठी जे जे सुचेल ते. बऱ्याच ग्रंथालयांनी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमनमध्ये केल्यात, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. नुसतं 'वणी' टाकलंस तर यवतमाळची वणीही समोर येईल, ते ध्यानात ठेव. 1950 पूर्वीचं काही हवं असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची बघ. 1800 ते 1937 आणि पुढे 1950 पर्यंतची छापील पुस्तकं त्यांनी नोंदवली आहेत. आपल्या भाषेसाठी इतकं मोठं काम करून ठेवलेल्या माणसाची मुलांना ओळखसुद्धा नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

नाशिक जिल्ह्याचं 1883 चं गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड, नेटवर मोफत आहे. त्यासाठी कुणाला त्रास देऊ नकोस. शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंधही मोफत मिळतात. त्यांच्या शेवटची संदर्भसूची नीट वाच, नेमकी पुस्तकं तिथे सापडतात. कॉलेज एन-लिस्ट या ई-साहित्याच्या योजनेचं सभासद असेल तर त्याचा आयडी ग्रंथपालच देतात.

एवढं करून जे उरेल ते मागायचं. यात लाजायचं काही नाही, ही ग्रंथालयाची जुनी सेवा आहे. आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात तिला. तू थेट पुण्याला लिहायचं नाहीस. तुझ्या ग्रंथपाल मॅडम त्यांच्या ग्रंथपालांना लिहितील. लेखक, पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, आणि नोंद कुठे दिसली, हे सगळं एका कागदावर लिहून ने. अर्धवट नोंद असली की मागणी तिथेच अडते. टपालखर्च कोण देणार ते आधीच विचार. दुर्मीळ पुस्तक सहसा बाहेर पाठवत नाहीत; तिथे जाऊन वाचावं लागतं. एकच प्रकरण हवं असेल तर त्याची प्रत मिळेल का, ते विचारायला सांग. हे सगळं व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रबंध द्यायच्या महिन्यात धावपळ करू नकोस, आत्ताच मागणी दे.

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय मात्र विसरू नकोस. 1840 सालची संस्था आहे. इंडकॅट विद्यापीठांच्या ग्रंथालयांचं, त्यामुळे तिथलं पुस्तक त्यात दिसलं नाही म्हणून ते नाहीच असं समजू नकोस. एक दिवस काढ, एसटीने जा आणि तिथल्या माणसांना विषय सांगून विचार.

आणि मॅडमकडे जाण्याआधी यादी मला पाठव. जयकरमध्ये जी असतील ती मी इथे पुण्यातच जाऊन तुझ्यासाठी बघते; तेवढी तरी तुझ्या मागणीतून कमी होतील.