एक विसांश सेकंद

आधीच सांगतो, मी स्वस्ताच्या मोहाला भुललो नाही. घरात अजून तेच बोललं जातं, म्हणून हे सांगावं लागतंय. निकॉनच्या २००-५०० लेन्सचे तिथले भाव मी निघण्याआधी काढले होते, कागदावर लिहून नेले होते. नोव्हेंबर २०१८, हाँगकाँग, त्सिम शा त्सुईचा नेथन रोड. दुकानदाराने ८,२०० डॉलर सांगितले, हाँगकाँगचे. माझ्या कागदावरच्या भावाहून थोडेच कमी. संशय कशाचा घ्यायचा?

चूक झाली ती इथे : त्याने कार्ड मागितलं आणि मी दिलं. लेन्स अजून गोदामातच होती. "पाच मिनट, अंकल," म्हणत त्याने आम्हाला बसवलं, हिला लिंबाचा चहासुद्धा आणून दिला. पाच मिनिटांची चाळीस झाली. मग लेन्स आली. ती माझ्याच डी-७२०० कॅमेऱ्यावर चढवून त्याने दारातून समोरच्या पाटीचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. अक्षरं फिसकटलेली. "ये चायना माल है अंकल. जपानवाला दिखाऊँ?" म्हणून त्याने दुसऱ्याच कंपनीची एक लेन्स काढली. त्या कंपनीचं नाव घेत नाही, तिचा यात दोष नाही. तिने काढलेल्या फोटोत अक्षर न् अक्षर स्वच्छ. वरचे ५,७०० डॉलर द्यायला मी तयार झालो, कारण ८,२०० आधीच त्याच्या खिशात होते आणि "रिफंड नही होता" हे तो तीनदा सांगून चुकला होता.

रात्री हॉटेलात फोटो चाळत होतो. पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस सवयीने शटरचा वेग बघतोच. पाटीचा पहिला फोटो : १/२० सेकंद, आयएसओ १००. दुसरा : १/५०० सेकंद, आयएसओ २५००. पाचशेच्या झूमवर, हातात धरून, १/२०! जगातली कुठलीही लेन्स आणा, फोटो हललेलाच येणार. पहिल्या लेन्सवरचं थरथर थांबवणारं बटणही त्याने बंदच ठेवलं असणार. कॅमेरा माझा, कार्ड माझं, पुरावाही माझ्याच गळ्यात लटकत होता आणि मी चहा पीत बसलो होतो. तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली, त्याचा हा उपयोग. नंतर नेटवर पाहिलं तर मी १३,९०० ला घेतलेली लेन्स त्याच शहरात सात हजारांच्या आत मिळत होती.

सकाळी परत गेलो. काल अंकल-अंकल करणाऱ्याला आज हिंदी येत नव्हती. पावतीवर लेन्सचं नावच नव्हतं, नुसतं 'कॅमेरा गुड्स'. ते हिने आदल्या दिवशीच दाखवलं होतं, पण तो विषय नको.

तर जाणाऱ्यांसाठी. खोकं काउंटरवर येऊन उघडल्याशिवाय कार्ड खिशातून काढू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. फोटो स्वतः काढा, दोन्हीला सेटिंग एकच. पावतीवर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. कार्डाचं यंत्र 'रुपये की डॉलर' विचारतं, तिथे डॉलरच दाबा. माझ्या वतीने त्याने रुपये दाबले आणि त्या दराचा फटका वेगळा बसला. 'टॅक्स फ्री'च्या पाटीला भुलू नका, हाँगकाँगात विक्रीकरच नाही, सगळंच टॅक्स फ्री. अधिकृत मालाला तिथे 'हाँग-फो' म्हणतात, आडमार्गाने आलेल्याला 'सोई-फो', म्हणजे पाण्याचा माल. वॉरंटी कुठली ते स्पष्ट विचारा. घासाघीस करा वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि खरेदी पहिल्या दिवशी करा. असल्या फसवणुकीविरुद्ध तिथे २०१३ पासून कडक कायदा आहे, तिथलं कस्टम्स खातं तक्रार घेतं. पण माझं विमान त्याच संध्याकाळचं होतं. इथे आल्यावर बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

मुंबईला रेड चॅनलमधून गेलो. तेव्हा माणशी ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती (आताचा आकडा निघण्याआधी बघा), वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. नवरा-बायकोची सूट एकत्र करता येत नाही, हेही तिथेच कळलं. लेन्सची खरी किंमत निम्मी आहे हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? हातात सव्वा लाखाची पावती होती. फसवणुकीवरही तीस हजारांच्या घरात ड्युटी भरली.

ते दोन फोटो मी छापून ठेवलेत. कोणी हाँगकाँगला निघालं की शेजारी-शेजारी ठेवून दाखवतो. बहुतेक जण निरखून बघतात आणि म्हणतात, "पण काका, पहिली लेन्स खराबच दिसतेय की."