बालसंगोपनाचा अर्ज फुकट, पण हेलपाटे?

नागेश्वराच्या दर्शनाला आणि झुलत्या पुलावर फोटो काढायला बाहेरची माणसं भोर तालुक्यातल्या आंबवड्यात येतात. इथल्या बाईला मात्र एकेका दाखल्यासाठी भोर गाठावं लागतं. नवरा गेलेला, पदरात शाळकरी पोर. कुणीतरी सांगतं, बालसंगोपनाचा फॉर्म भर, महिन्याला पैसे येतात.

येतात, हे खरं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना राज्य सरकारची आहे. अनाथ, आई किंवा वडील गमावलेली, पालक तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेली अठरा वर्षांखालची मुलं तिच्यात बसतात. आधी दरमहा १,१०० रुपये होते, २०२३ पासून २,२५०. म्हणजे वर्षाचे २७,०००. केंद्र आणि राज्य ६०:४० वाट्याने चालवतात त्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० मिळतात, पण ग्रामीण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ७२,०००च्या आत हवं. तीनशे रुपये रोजाने २४० दिवस मजुरी केली की ही मर्यादा गाठलीच! त्यामुळे चार हजारांच्या आशेवर बसण्याआधी उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा बघा.

आता खर्च. अर्जाला एक रुपयाही लागत नाही. 'साहेबांना द्यावे लागतात' म्हणून कुणी हजार-दोन हजार मागितले, तर तो त्याचा धंदा समजा. शाळा बोनाफाईड देते, मृत्यूचा दाखला नोंद झाली तिथे, बहुधा ग्रामपंचायतीत, किरकोळ फी भरून मिळतो. उत्पन्नाचा दाखला सेवा केंद्रातून काढताना भिंतीवरचा दरफलक वाचा आणि पावती मागा. तिथेच 'पाचशेचा स्टॅम्प आणा' असं ऐकू आलं तर थांबा; दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क सरकारने मार्च २०२५ मध्ये माफ केलंय. मग झेरॉक्स, आणि घराच्या दारात मूल व पालक दोघं दिसतील असा फोटो. गृहचौकशीला माणूस येतो तेव्हा तेच घर, तेच दार बघतो. उगाच स्टुडिओत जाऊन पडद्यापुढे उभे राहू नका.

खरी झळ बुडालेल्या रोजाची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण भोरला तीन फेऱ्या आणि पुण्याला एक म्हटली तरी चार दिवसांची मजुरी गेली. म्हणून आधी फोनवर विचारा, कागद एकदम गोळा करा, आणि भोरच्या आठवडी बाजाराचा दिवस तहसीलच्या कामाला जोडा.

अर्ज पुण्याच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो, मंजुरीचा आदेश बालकल्याण समिती देते. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, पण दरमहा एक तारखेला नव्हे. कधी कधी चार-सहा महिन्यांचे एकदम. ट्यूशनवाल्याला त्यांच्या भरवशावर शब्द देऊ नका.

आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.