विद्यापीठाचा ग्रंथपाल

पाम, बोईसर परिसरातील पदवीधराची दृष्टी प्रथम तारापूरच्या कारखान्यांकडे वळते. ग्रंथपालाचे पद सहसा त्याच्या ध्यानी येत नाही. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी व सर्वसाधारणपणे ‘नेट’ किंवा ‘सेट’ परीक्षा महाविद्यालयीन ग्रंथपालास आवश्यक असते. पुढे दहा वर्षांची सेवा व पीएच.डी. झाल्यावर तो विद्यापीठाच्या ग्रंथपालपदास पात्र ठरू शकतो, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात. सार्वजनिक ग्रंथालयांसाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम येथे पुरत नाही, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस वेळीच सांगावे.

हे काम केवळ पुस्तके राखण्याचे नव्हे. ग्रंथखरेदी, वर्गीकरण, नियतकालिकांची वर्गणी, संशोधकांच्या शंका यांत दिवस सरतो. वर्गांक चुकला की ग्रंथ फडताळात असूनही हरवलेलाच! १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले डॉ. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते.